जावेच्या दारातला माठ

ये, जवळ सरक, भाचे, कान धरायचाय तुझा. परवा एसटीनं आलीस, माझ्या धाकट्या जावेकडं चहा घेतलास आन् तिथूनच परत गेलीस, व्हय? आत्याचं घर दोन शेतं पलीकडं, तरी दिसलं न्हाई?

पूर्वी नेवाशाचा रस्ता माझ्या दारच्या लिंबाला वळसा घालून जायचा. एसटी थांबली की कंडक्टर, बाजारच्या बाया माझ्या माठातलं पाणी प्यायच्या आणि गावोगावच्या बातम्या सांगायच्या. मग रस्ता रुंद झाला, वळण काढलं आणि तो थेट जावेच्या दारातून गेला. चारच दिवसांत तिनं माठ मांडला, वर त्यात वाळा टाकला! लई जळले मी, खोटं कशाला बोलू?

एकदा मुद्दाम जाऊन तिचं पाणी प्याले.

"कसं हाय, अक्का?"

"कोमट."

हसत तिनं दुसरा तांब्या पुढं केला. गारच इतकं होतं, तोही संपवला.

माझा माठ मी अजून रोज भरते, संध्याकाळी लिंबाला ओतते. पुढच्या खेपेला लवकर ये गं. उतरावं तिच्याच दारात लागंल, पण तिथं घोटभरसुद्धा पिऊ नको. तहानलेली माझ्याकडं ये.