मणक्यांमधलं मऊ

सकाळी बायको म्हणाली, "अहो, पापडाचा डबा काढून द्या." मी हात वर केला, तर बोटं डब्यापर्यंत पोचेचनात.

"फळी वर ठोकून घेतलीस काय गं?"

"फळी आहे तिथंच आहे. तुम्हीच खाली आलात."

डॉक्टर बोलले होते, मणक्यांच्या मधे कूर्चेच्या गाद्या असतात, म्हातारपणी त्या चपट्या होतात. हाडं टिकतात म्हणे, मधलं मऊ आधी झिजतं. मला ना शिक्षण, ना अक्कल. या घरात माझी उंची तेवढी कामाची. 'अहो, डबा काढून द्या' या एका हाकेवर मी इतकी वर्षं रुबाबात जेवलो.

बायकोनं स्टुलावर चढून डबा काढला आणि खालच्या फळीवर ठेवला.

संध्याकाळी पापड तळल्याचा वास आला. हाक काही आली नाही.