फाटकाबाहेरचा बाप

पाक पोनिजोला लबाडी जमत नसे. त्यात त्याचं काही मोठेपण होतं असं मी म्हणणार नाही. काहींना शिट्टी वाजवता येत नाही, तसंच ते. पण आमच्या गल्लीत सायकलरिक्षा चालवायची तर थोडी तरी लबाडी अंगात असावीच लागते. मालिओबोरोच्या हमरस्त्यावरून एखादा परदेशी पाहुणा आत वळला की त्याला म्हणायचं, "मिस्टर, राजवाडा आज बंद. पण कलाशाळेच्या मुलांचं बाटिकचं प्रदर्शन आहे. आज शेवटचा दिवस!" मी इथं चहाची गाडी लावायला लागले तेव्हापासून तो शेवटचा दिवस रोज उजाडतो आहे. पाहुणा दुकानात शिरला की रिक्षावाल्याच्या हातावर दलाली पडते, पाहुणा छापील कापड हातचं समजून छातीशी धरून नेतो आणि सगळ्यांच्या घरी चूल पेटते.

पोनिजोची बायको जन्मभर खरं बाटिक करायची. गरम मेणाची लेखणी धरून धरून तिची बोटं वाकडी झाली होती. ती गेली, तरी मला ऐकवताना याचं पालुपद तेच. "बु तुमिरा, छापील कापड हातचं म्हणून खपवायचं आणि त्याच पैशाचा घास घ्यायचा? घशाखाली नाही उतरत."

"उतरायला आधी ताटात तर पडू दे," मी म्हणायची.

तो नुसता हसायचा. त्याला कशाचाच राग यायचा नाही, आणि मला त्याचाच राग यायचा.

अंबर त्याची एकुलती एक मुलगी. आमच्या रिक्षात पाहुणे पुढं बसतात आणि चालवणारा मागं. लहानपणी शाळा सुटली की ती त्या पुढच्या बाकावर पाहुण्यांच्या मध्ये घुसून बसायची आणि चिमणीसारखी बडबडायची. इंग्रजी ती तिथंच शिकली. त्या इंग्रजीच्या जोरावर माझ्या गाडीसमोरच्या पिवळ्या गेस्ट हाऊसमध्ये तिला नोकरी लागली. व्हरांड्यात तिचं टेबल होतं. पाहुणा आला की त्याला किल्ली द्यायची, आणि किल्लीबरोबर मालकिणीने ठरवून दिलेला उपदेश. तीस वर्षं परक्यांना चहा पाजून मलाही इंग्रजी कळतं, आणि तो उपदेश तर मला तोंडपाठ झाला होता.

"फाटकाशी रिक्षावाले उभे असतात. कुठून आलात, कुठं निघालात, असं विचारतील. उत्तर देऊ नका. राजवाडा बंद आहे म्हणाले तर ते खोटं. शेवटचा दिवस म्हणाले तर तेही खोटं. कुणी आपला काका, मेहुणा, भाऊ पुढं केला तर मुळीच जाऊ नका. हसायचं, हात असा वर करायचा, नजर समोर ठेवायची आणि चालत राहायचं."

हात कसा वर करायचा, ते ती उभी राहून करून दाखवायची.

मला या उपदेशाची चीड यायची. आमच्याकडं वाटेत भेटलेल्या माणसाला कुठं निघालात असं विचारलं नाही तर लोक म्हणतात, शेफारला. आता तेच विचारलं तर माणूस चोर! पण माझ्या चिडण्याला कोण विचारतो? आणि खरी गोष्ट वेगळीच होती. फाटकाशी जे उभे असायचे, त्यांत तिचा बाप असायचा.

मालकिणीला हे ठाऊक नव्हतं. आधीची मुलगी पाहुण्यांना आपल्या मामाच्या दुकानात धाडायची, म्हणून अंबरला कामावर घेतानाच तिने विचारलं होतं, "बाहेरच्यांत तुझं नात्याचं कुणी आहे?" अंबर म्हणाली, "कुणी नाही." त्या रात्री ती जेवली नाही. पोनिजोनेच तिची समजूत काढली, की पोरी, फाटकापाशी आपण परके, घरी बापलेक, त्यात काय एवढं?

मग त्याने ते परकेपण इतकं निष्ठेनं पाळलं की बघणाऱ्याच्या डोक्याची शीर उठावी. अंबर माझ्याकडं चहा घ्यायला आली की हा बाकावरून ताडकन उठणार. "बसा बाई, तुम्ही बसा." पोटच्या पोरीला तुम्ही! ती मान खाली घालून म्हणायची, "असू द्या, पाक." पाक म्हणजे बाबा आणि बु म्हणजे आई, पण आमच्याकडं वयानं मोठ्या सगळ्यांनाच तसं म्हणतात, त्यामुळं कुणाला संशय यायचा नाही.

"नाटक कंपनी काढा दोघं मिळून," ती गेल्यावर मी म्हणायची.

"बु, तिच्या पगारावर घर चाललंय. जरा जीभ आवर."

ते मात्र खरं होतं. रिक्षाने त्याला पोसण्याचे दिवस कधीच सरले होते. खोलीचं भाडं, त्याच्या खोकल्याचं औषध, तांदूळ, सगळं त्या टेबलावरून यायचं. ते टेबल गेलं असतं तर दोघं रस्त्यावर आली असती.

नव्या वर्षाची गर्दी ओसरली की आमच्या गल्लीला मरगळ येते, पण त्या वर्षीची मरगळ जीवघेणी होती. सकाळपासून पाऊस, दुपारी पाऊस. गेस्ट हाऊसच्या किल्ल्या खिळ्यांवर लटकलेल्या. बाकीचे रिक्षावाले कंटाळून कुणी गावी शेतात, कुणी बांधकामावर गेले. पोनिजोला तिथं कोण घेणार? तो एकटाच आपल्या रिक्षाच्या हिरव्या छपराला टेकून खोकत उभा राहायचा. एखादा पाहुणा आलाच तर अंबरला तोच उपदेश करावा लागायचा, आणि ज्यांच्यासाठी तो रचला होता ते सगळे निघून गेल्यामुळं आता तो एकट्या पोनिजोच्या डोक्यावर आदळायचा. तो ऐकायचा आणि रिक्षाची घंटी पुसत बसायचा.

अशात एक म्हातारं डच जोडपं उतरलं. चारचौघांत दोघं इंग्रजीच बोलायची. आल्या दिवशी त्यांनाही उपदेश मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस थांबला आणि त्यांना राजवाडा बघायची हौस आली. बाईचा गुडघा सुजलेला. ती नवऱ्याला म्हणाली, "रिक्षानं जाऊ या ना." नवरा म्हणाला, "ही मुलगीच म्हणाली ना, ते फसवतात?"

अंबरने फाटकाकडं पाहिलं. पोनिजो हँडलवर वाकून खोकत होता. खोकला थांबेना. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "तो हिरव्या छपराचा रिक्षावाला नाही फसवणार. ते माझे वडील आहेत."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

डच माणूस हसला, पण ते हसू कालचं नव्हतं. "कालच तू म्हणालीस, नातेवाईक पुढं केला तर जाऊ नका." तरीही माणूस न्यायी असावा, मुलीवर एकदम आरोप करायला नको म्हणून तो स्वतः फाटकाशी आला. नेमकी त्याच वेळी मालकिणीची गाडी येऊन थांबली आणि ती खाली उतरली.

"ती मुलगी," डच माणसाने व्हरांड्याकडं बोट केलं, "तुमची?"

पोनिजोने मालकिणीला पाहिलं. अंबरने आत काय सांगून टाकलं होतं, ते खोकल्याच्या उबळीत त्याला ऐकूच आलं नव्हतं. त्याला एवढंच दिसलं की मालकीण समोर आहे आणि कुणीतरी पोरीचं नातं उकरून काढतंय.

"माझी? छे छे, मिस्टर!" तो मोठ्यानं हसत म्हणाला. "एवढी शिकलेली मुलगी माझी कुठली? मला मूलबाळच नाही."

जन्मात ज्याला 'राजवाडा बंद' एवढं म्हणता आलं नाही, त्याला इतकं सफाईदार खोटं कसं जमलं ते मला आजवर कळलेलं नाही. व्हरांड्यात अंबर टेबलाला धरून उभी होती. तिने प्रत्येक शब्द ऐकला.

डच माणसाने हळू आवाजात मालकिणीला सगळं सांगितलं. पुढच्या पाहुण्यांना त्रास नको म्हणून. तो सांगत असताना पोनिजोचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. रिक्षा तशीच टाकून तो फाटकाच्या आत धावला. त्या फाटकाच्या आत त्याने कधी पाऊल टाकलं नव्हतं.

"माझीच आहे, बाईसाहेब! माझीच मुलगी आहे! मी खोटं बोललो!"

डच माणूस बायकोकडं वळून म्हणाला, "बघ, आता झाली मुलगी."

मला राहवलं नाही. मी गाडीवरूनच ओरडले, "अहो, बापच आहे तो तिचा! आख्ख्या गल्लीला विचारा!" त्याने माझ्याकडं पाहिलं, माझ्या किटलीकडं पाहिलं, आणि मान हलवली. टोळीत आणखी एक!

मालकिणीने आवाजसुद्धा चढवला नाही. "हे बघ अंबर, तू याची मुलगी असशील तर कामाला लागताना खोटं बोललीस. नसशील तर आज बोललीस. मला दोन्ही सारखंच. तुझं सामान घे."

अंबरने काही सांगितलं असतं तर? रडली असती, पाया पडली असती, तर काही झालंही असतं कदाचित. पण ती मालकिणीकडं बघतच नव्हती. ती बापाकडं बघत होती. पोरीने त्याच्यासाठी नोकरी पणाला लावून 'माझे वडील' म्हटलं होतं, आणि त्याने हसत हसत सांगितलं होतं की मला मूलबाळच नाही.

तिचं सामान ते काय! चपला आणि छत्री एका पिशवीत घालून ती बाहेर आली. पाऊस पुन्हा सुरू झाला होता. पोनिजो आधीच फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला होता. सदऱ्याच्या टोकाने पुढचा बाक तो पुसत होता, जिथं ती लहानपणी बसायची तो. मला वाटलं, आता तरी हा मेला तिला पोरी म्हणेल. पण मालकीण अजून व्हरांड्यात उभी होती. सवय म्हणा, नाहीतर अजून काही वाचेल अशी वेडी आशा म्हणा, तो कमरेत वाकून म्हणाला, "बाई, कुठं निघालात? बसा, सोडतो तुम्हाला."

अंबर हसली. हात वर केला. नजर समोर ठेवली आणि चालू लागली.

मग मात्र तो तिच्यामागं रिकामी रिक्षा ढकलत धावला. "पोरी, थांब गं! पोरी, भिजशील! बस ना, अंबर!" भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत. मी दोघांच्या नावानं बोटं मोडत होते आणि मला रडू येत होतं. हमरस्त्याच्या वळणापर्यंत मला ती दिसत होती. छत्री पिशवीतच होती, पण तिने ती उघडली नाही. ती एकदाही थांबली नाही आणि तिने वळूनही पाहिलं नाही, जसं पाहुण्यांना शिकवायची अगदी तसं.