उशाशी ठेवलेला फोन

माझा दादा आपल्या दुकानात जुने फोन जिवंत करायचा. कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या फोनमधली मूळ सिस्टीम काढून तो हौशी लोकांनी मिळून बनवलेली, फुकट वाटायची सिस्टीम घालायचा. हातात कसब, पण डोक्यात हवा. मोठ्या भावाबद्दल असं बोलू नये, पण मी बोलणार.

त्या हौशी मंडळींचा एक नियम कडक होता. सिस्टीम आपली, ती खुशाल वाटा. कंपनीची ॲप्स मात्र तिच्यात मिसळायची नाहीत. ती वाटायचा परवाना आपल्याकडे नाही, ज्याला हवी त्याने स्वतः वेगळी घ्यावीत. दादाला ही नसती कटकट वाटे. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना ते जमायचं नाही, म्हणून त्याने सगळं एकत्र करून एकच गठ्ठा बनवला, फोन सुरू होताना दुकानाचं नाव झळकेल अशी सोय केली आणि तो इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवून दिला. कंपनीची ताकीद आली तेव्हा तो हसला. मंडळींनी त्याला त्यांच्या गटातून काढून टाकलं, तेव्हाही हसला.

आईच्या फोनमध्ये तोच गठ्ठा होता. तिच्या दंडावरचा सेन्सर रक्तातली साखर मोजायचा आणि ती फार उतरली की फोनमधल्या ॲपमुळे फोन ठणाणा करायचा. त्या आवाजाच्या भरवशावर आई दुपारी निर्धास्त झोपायची.

मग दुकानात फोन परत येऊ लागले. आधी समोरच्या शिंप्याचा, त्याचं बँकेचं ॲप उघडेना. मग शेजारच्या मावशींचा. पडद्यावर एकच ओळ: हे उपकरण मान्य नाही. कंपनी दादाचा गठ्ठा असलेले फोन हुडकून त्यांच्यावरची ॲप्स बंद पाडत होती. मी ऑफिसातून दादाला फोन लावून आईच्या फोनचं विचारलं.

"त्याला काही होत नाही. मी स्वतः बसवलाय तो," दादा म्हणाला.

जेवणाची सुट्टी झाल्याबरोबर मी ऑफिसातून थेट घर गाठलं.

आई घामाने निथळत होती आणि मला ओळखत नव्हती. फोन उशाशी गप्प पडला होता, पडद्यावर तीच ओळ. मी साखरेचं पाणी चमच्याचमच्याने तिच्या ओठात सोडलं आणि दादाला बोलावलं. तो आला तोवर ती शुद्धीवर येत होती. तिने चाचपडत फोन शोधला आणि त्यावर हात फिरवला.

"हा ओरडला म्हणून तू धावत आलीस ना गं?"

मी संतापाने दादाकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

त्याने तिथेच बसून गठ्ठा इंटरनेटवरून काढून टाकला. पण तोवर तो कुणी कुणी उतरवून घेतला होता, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

"अजून कुणाच्या उशाशी असेल गं तो?" दादाने हळूच विचारलं.

आईचा पुन्हा डोळा लागला होता. फोन तिने छातीशी धरला होता.