आपाच्या जांभळाचं पाणी

हे मी कुणालाच बोललेले नाही. आमच्या ह्यांना नाही, लेकीला नाही. देवापुढं हात जोडते तेव्हासुद्धा हा विषय हळूच बाजूला सारते. आज तुम्हाला सांगते — पण बसा जरा. मला एका दमात नाही जमायचं.

आमच्या पुंडलिकनगरात, मागच्या गल्लीला एक छोटी बाग आहे. बाग म्हणजे काय — आधी नुसता मोकळा प्लॉट, गाजरगवत आणि कचरा. आम्ही बायकांनीच हात लावून साफ केला. आता संध्याकाळी या तुम्ही. म्हातारे फेऱ्या मारतात, लेकरं धुळीत लोळतात, सुना सासवांच्या चुगल्या करतात आणि सासवा पलीकडच्या बाकावर सुनांच्या. माझे गुडघे घरात कुरकुरतात, बागेत गेले की गप. मन हलकं होतं हो. चार भिंतीत माणूस आंबून जातं.

मधोमध जांभूळ आहे. चांगलं डेरेदार. भर उन्हाळ्यात दुपारी त्याच्याखाली बसवतं. सगळे त्याला सलीमभाईचं झाड म्हणतात.

ते सलीमभाईचं नाही. हे मला एकटीलाच माहीत आहे.

थांबा, आधी रेहानाआपाचं सांगते. आपा माझी भिंतीला भिंत शेजारीण. ईदेला तिचा शीरखुर्मा, दिवाळीला माझ्या करंज्या, आणि मधे वर्षभर भांडणं — माझी भाजी तिला फिकी, तिचा चहा मला पाक. सलीमभाई तिचे मालक. त्यांना शुगर होती, म्हणून सीझनला जांभळं खायचे आणि बिया गॅलरीतल्या गुलाबाच्या डब्यात थुंकायचे. आपा ओरडायची. त्याच पावसाळ्यात ते अचानक गेले. आणि थोड्याच दिवसांत, त्या डब्यात कोंब आला.

आपा तेव्हा ना झोपायची, ना जेवायची. डब्याजवळ बसून असायची. तो कोंब वीतभर झाला तेव्हा मीच म्हणाले, आपा, डब्यात कोंडू नको त्याला, बागेत लाव. लावला. मग त्याला पाणी घालायला म्हणून ती बाहेर पडायला लागली. मग बाकावर टेकायला लागली. मग बोलायला. आणि एक दिवस माझ्या चालण्याची अशी काही नक्कल केली तिनं, की सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मला राग आला — आणि रडूही आलं. आमची आपा परत आली होती. कोणत्या गोळीनं आली होती का? नाही. त्या वीतभर झाडानं आणली होती तिला.

आता कळलं ना तुम्हाला, त्या रोपाची किंमत? मलाही माहीत होती. माहीत असून केलं मी.

पुढच्या उन्हाळ्यात आपाच्या लेकीचं बाळंतपण आलं — ती बिडकीनला सासरीच होती, डॉक्टरांनी हलायचं नाही म्हणून सांगितलेलं, तर आपाच तिकडं गेली. जाताना मला म्हणाली, “भाभी, पानी तुम डालना. दुसरे किसी पे मेरा भरोसा नै.” मी म्हणाले, जा गं निवांत, मी आहे ना.

आमच्याकडं नळाला पाणी कधी येतं ते विचारूच नका. आलं की टाक्या, पिंपं, हंडे, तपेली — सगळं भरायचं आणि पुढचं पाणी येईपर्यंत जपून पुरवायचं. आणि कूलर. कूलर लई पाणी पितो हो. आपाच्या झाडासाठी मी एक बादली वेगळी काढून ठेवायची. पहिले काही दिवस घातली. मग एका दुपारी ती बादली कूलरमध्ये ओतली. घरी पाहुणे होते म्हणून सांगू? नव्हते. कुणी आजारी होतं? नाही. मला गार वारा पाहिजे होता, बस्स. आणि एकदा ओतली की दुसऱ्यांदा हात अडखळत नाही.

फोनवर आपा विचारायची, झाड कैसा है? मी सांगायची — मस्त, नवीन पालवी फुटलीय. तेव्हा तिथं नुसती काडी उभी होती.

आपा येणार त्याच्या आदल्या दिवशी मी हर्सूलकडच्या एका नर्सरीत गेले. अंदाजानं तेवढंच रोप घेतलं. कलमी जांभूळ होतं. जुनी काडी उपटली, घंटागाडीत टाकली आणि नवं लावून वरून मातीवर पाला पसरला. आपा आली ती हातातल्या पिशवीसकट आधी बागेत. पानांवरून हात फिरवला. माझा हात धरला आणि म्हणाली, तुमच्या हाताला गुण आहे भाभी, बघा कसं तरतरीत ठेवलंत. मी काय केलं? हसले. वर म्हणाले, रोज पाणी घालायची ना.

झाड वाढलं, सावली पडली. सांगायला कितीदा तोंड उघडलं म्हणता? खरं सांगू — एकदाही नाही. दोघी त्याच बाकावर बसतो, ती खोडाला पाठ टेकते आणि नातवंडांच्या गमती सलीमभाईंनाच सांगाव्यात तशी वर बघून सांगते. मी शेंगा सोलत बसते.

यंदा चांगली जांभळं लागली. टपोरी. आपानं एक तोंडात टाकलं, डोळे मिटले. “उनकू बी ऐसेइच बड़े जामून होना.” मी म्हणाले, व्हय, त्यांना अश्शीच टपोरी लागायची.

मग तिनं बिया तळहातावर धरल्या. बिडकीनला लेकीच्या अंगणात अब्बाचं झाड लावायचं म्हणाली. डोळ्यांना आता तिला बारीक दिसत नाही, म्हणून बिया माझ्याकडं दिल्या. मी त्या धुतल्या, गर नीट काढला, निवडून चांगल्या बाजूला केल्या आणि ओल्या फडक्यात बांधून तिच्या हातात ठेवल्या.