वसरामकाकांचं लायसन

वसरामकाका राठोड, त्यांची बायको (तिला बंजाऱ्यांचा सगळा तांडा याडी म्हणतो, म्हणजे आई) आणि काळी-पिवळी जीपवाला गुलाब, या तिघांची नावं आधी लिहितो. ही माणसं भेटली नसती तर आमच्या मालकांची आंब्याची कलमं हिंगोली जिल्ह्यातल्या रस्त्यावरच सुकली असती, आणि मी दापोलीला कुठल्या तोंडाने परत आलो असतो कोण जाणे.

मी सातवीतून शाळा सोडलेला. घाटावर कराडपलीकडे कधी गेलो नव्हतो. श्रावणात मालकांनी टेम्पोची किल्ली हातात दिली आणि सांगितलं, गोरेगावच्या एका शेतकऱ्याला कलमं पोचवून ये. "मुंबईतलं गोरेगाव?" मी विचारलं. "सेनगाव तालुक्यातलं," मालक म्हणाले, आणि एवढ्या लांबच्या वाटेची मला भीती वाटली. पण खरं सांगतो, आनंदही तेवढाच झाला.

जिंतूर सोडलं, औंढा मागे पडलं आणि मी बघतच राहिलो. आपल्याकडे डोंगर नजर अडवतो. इथे नजर जाईल तिथवर सोयाबीन, मध्ये कापूस, कुठे हळदीची रुंद पानं. आभाळ एवढं मोठं की गाडी चालवताना सारखं वर बघावंसं वाटे. हिंगोली ओलांडून कनेरगाव नाक्यावर भजी खाल्ली, गोरेगावची वाट धरली आणि थोड्याच अंतरावर बॉनेटमधून वाफ आली. फॅनबेल्ट तुटला होता.

ऊन चढलेलं, मागे कलमं, आणि ओळखीचं माणूस शंभर कोसांत नाही. मला रडू यायचंच बाकी होतं. तेवढ्यात माणसांनी ठासून भरलेली एक जीप थांबली. पांढऱ्या मिशांचा डायव्हर उतरला.

"काहून घाबरून राहिला रे लेकरा? कुठला तू?"

"दापोली, काका. रत्नागिरी जिल्हा."

"बाप रे! इतक्या लांबून झाडं आणली? आमच्याकडं काय झाडं न्हाईत?"

जीपमधले सगळे हसले, आणि मीही हसलो. काकांनी दोर काढला, टेम्पो जीपला बांधला आणि आपल्या तांड्यापर्यंत ओढत नेला. समोरून येणाऱ्या एका जीपला हात करून ओरडले, "गुलाब, हिंगोलीहून पट्टा आण याच्या गाडीचा!" त्या भागात वस्तू अशाच येतात. औषध असो की साडीचा ब्लाऊज, जीपवाल्याला सांगायचं.

गुलाब पट्टा घेऊन येईपर्यंत याडीने शेजारच्या बायका बोलावल्या आणि हापशाचं पाणी घागरींनी आणून एकेका कलमाला घातलं. मग बाटी (ज्वारीच्या भाकरीला तांड्यात बाटी म्हणतात) आणि लाल तिखट आमटी समोर आली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "घे गूळ," याडी म्हणाली, "कोकणात तिखट न्हाई का पिकत?" पट्टा बसला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कलमं गोरेगावात हिरवीगार उतरली. मला नाचावंसं वाटत होतं.

परत निघताना काका तांड्याच्या फाट्यावर उभे. धुतलेला सदरा, हातात प्लास्टिकची पिशवी.

"हिंगोलीला चाललास ना? मला ने. लायसनची मुदत काल संपली. आता नवं होईस्तोवर मी स्टेअरिंगला हात न्हाई लावायचा."

आपल्याकडच्या डायव्हर मंडळींसाठी सांगतो. घरच्या गाडीचं लायसन पंचावन्न ओलांडल्यावर दर पाच वर्षांनी नवं करावं लागतं, आणि भाड्याची गाडी असेल तर कुठल्याही वयात दर पाच वर्षांनी. सोबत डॉक्टरचा दाखला लागतो. काकांनी साठी ओलांडलेली. दाखला त्यांच्याकडे होता, ओळखीच्या डॉक्टरांनी चहा पाजून दिलेला.

वाटेत काकांनी मला थक्क केलं. समोर नुसता धुरळा दिसायचा आणि काका म्हणायचे, "अठ्ठावन्न-बारा येऊन राहिली, सेनगावच्या शेख्याची." गाडी जवळ आली की नंबर बरोबर तोच! मी तर आनंदाने ओरडलो, "काका, डोळे आहेत की दुर्बीण!" काका मिशीत हसले.

हिंगोलीत आरटीओचं लायसनचं काम एका आवारात चालू होतं. कडुनिंबाखाली डायव्हरांची ही गर्दी. मला साहेब लोकांची भीती वाटते, म्हणून मी काकांच्या मागे लपूनच उभा. व्हरांड्यातून एका तरुण साहेबांनी हाताने बोलावलं. काका पुढे गेले, त्यांच्या आडोशाने मीही, आणि काकांनी शेजारी उभ्या शिपायालाच वाकून रामराम घातला. सगळे हसले, पण साहेब हसले नाहीत.

"काका, ती तिकडची जीप. नंबर वाचा."

आवाराच्या त्या टोकाला गुलाबची जीप होती, फेरी टाकून तोही गर्दीत येऊन उभा होता. काकांनी नंबर खडखडीत सांगितला. "पलीकडची?" तोही सांगितला. गुलाबने शिट्टी मारली. पण दुसऱ्या वेळी काकांची मान पुरती वळायच्या आत नंबर तोंडातून बाहेर पडला होता, आणि ते साहेबांनी पाहिलं.

"तो निळा टेम्पो. त्याचा सांगा."

निळा टेम्पो माझा होता. सगळ्या आवारात तेवढा एकच परजिल्ह्यातला, काकांना नंबर पाठ नसलेला.

काकांनी डोळे बारीक केले, मान पुढे काढली. मला नंबर पाठ होता आणि काकांचा कान माझ्या तोंडाशी होता. ओठ हलवले असते तर काम झालं असतं. या माणसाने मला रस्त्यावरून उचलून आणलं होतं! मी तोंड उघडलंही. काकांनी माझा हात घट्ट दाबला.

"ऱ्हाऊ दे लेकरा." मग साहेबांकडे वळून म्हणाले, "न्हाई दिसत, साहेब. निळं दिसून राहिलं, बाकी धुकं हाय."

"मग चष्मा लावा. चष्म्यातून दिसलं तर नियमात बसतं, मी सही करतो. नाहीतर नाही."

"चष्मा लावला तर माझ्या जीपमधी कोण बसंल?"

"म्हातारी माणसं बसतील," गुलाब म्हणाला, "तरण्या पोरी माझ्याकडं येतील!"

"तुझ्याकडं तुझी बायको तरी बसती का रे?" काकांनी परतवलं, पण आवाजात जोर नव्हता.

मी काकांना टेम्पोत घालून चष्म्याच्या दुकानात नेलं. दुकानदाराने बराच वेळ काचा बदलून पाहिल्या आणि दुपारपर्यंत चष्मा तयार करून दिला. तो लावून काका पायरीवर आले आणि थबकले. समोरच्या पाट्या मोठ्याने वाचायला लागले. भांडी, खते, कापड! "ती तार पाहिली का रे? त्या तारेवर पाखरं हायेत!" रस्त्यातली माणसं वळून बघत होती, आणि मी टाळ्या वाजवत होतो.

मग काका एकाएकी पायरीवर बसले.

"इतकं दिसायला पायजे व्हतं व्हय? अन् मी शाळेची लेकरं भरून हिंडलो."

त्यांच्या शेजारी मीही बसलो. 

आवारात परत आलो. काकांनी माझ्या टेम्पोचा नंबर वाचला. सावकाश, एकेक आकडा, पोरगं पाढे म्हणतं तसा. साहेबांनी सही केली. बाहेर येताच काकांनी गुलाबला सांगितलं, "दिवस मावळल्यावरच्या फेऱ्या आजपासून तुझ्या. समोरचे दिवे चमकतात, मला न्हाई जमत." गुलाबने यावेळी थट्टा केली नाही. "बरं, काका," एवढंच म्हणाला.

मी औंढ्याच्या रस्त्याला लागलो. कराड आलं, कुंभार्लीचा घाट उतरलो, ओल्या मातीचा ओळखीचा वास आला आणि हायसं वाटलं. त्या प्रवासाने माझी लांबच्या वाटेची भीती घालवली. पण समोरून गाडी आली की मी आता तिचा नंबर वाचून बघतो. मी पंचविशीचा आहे, तरी बघतो.

पाच वर्षांनी काकांना पुन्हा त्या आवारात उभं राहावं लागेल. त्या दिवशी मी हिंगोलीत असणार, मालकांनी सुट्टी दिली नाही तरीही. साहेबांनी सही केली तर सगळ्या डायव्हरांना भजी माझ्याकडून. आणि कधीतरी एका वर्षी साहेब नाही म्हणतील, तेव्हाही मी तिथे असेन. त्या दिवशी काकांना तांड्यापर्यंत मीच गाडीतून घेऊन जाईन.