शेजारच्या भाऊंची बोट

परदेशात माझ्या मुलाचं घर आहे ते गाव समुद्राएवढ्या तळ्याच्या काठी आहे. पूर्वी इथे तांब्याच्या खाणी होत्या. त्या बंद पडल्या, पण तेव्हा तळ्यात टाकलेला दगडांचा काळा चुरा अजून लाटांबरोबर किनाऱ्यावर येतो. शेजारचे म्हातारे मासेमार बोटीपुरती वाट मोकळी राहावी म्हणून तो रोज फावड्याने उपसत. मी त्यांना मनात भाऊ म्हणते. कुत्र्याला हाकलावं तसं ते चुऱ्याला "गो होम, गो होम" म्हणत, आणि मी हसले की टोपी काढत.

मुलगा म्हणे, "आई, अशी बघत उभी राहू नकोस, ऑड दिसतं."

काल सकाळी वाट पुरती बुजली होती. भाऊंनी फावडं उचललंच नाही. मुलाला म्हणाले, "मासे अंडी घालतात तिथेही आता हाच चुरा आहे." मग दोघांनी बोट ओढत त्यांच्या अंगणात आणली आणि पालथी घातली. 

पाणी त्या अंगणापर्यंत कधीच येत नाही. तरी भाऊंनी बोट दोरीने झाडाला बांधली, आणि गाठ घट्ट बसली का ते ओढून पाहिलं.