पोस्टरवर दुसरीच

बेल्लारियाच्या किनाऱ्यावर आईच्या टपरीत पियादिना नावाच्या रोट्या भाजणाऱ्या निवेसनं त्या उन्हाळ्यात अख्खी इटली नाचवली, आणि कुणाला पत्ता नाही. बोलोन्या शहरात गाणं रेकॉर्ड केलं तेव्हा गळा तिचा घेतला. तबकडीवर फोटो मात्र कातिया नावाच्या नाचणारीचा. टीव्हीवरही ओठ हलवायला कातियाच. डिस्कोच्या धंद्यात रीतच ती.

"तुझं नाक टीव्हीत मावणार नाही, पोरी," असं रेकॉर्ड काढणारा फाब्री म्हणाला होता. खुळा माणूस. निवेसच्या घरात सगळ्यांचीच नाकं तशी, आणि रुबाबदार आहेत.

थोरला भाऊ ओरेस्ते किनाऱ्यावर छत्र्या भाड्यानं द्यायचा. छत्री उघडता उघडता गिऱ्हाइकाला सांगायचा, "रेडिओवर लागलंय ना, ते आमच्या निवेसचं."

"हो, आणि पोप तुझा मामा," गिऱ्हाईक म्हणायचं.

शेवटी ओरेस्तेनं गावच्या जत्रेत तिचं गाणं ठरवलं. 'त्या तबकडीवालीला आणतो,' एवढंच कमिटीला बोलला. कमिटीनं तबकडी बघितली आणि पोस्टरवर छापली कातिया.

निवेस उखडली. "लोक सोनेरी केस बघायला येणार, दादा. आज हसले ना, तर पुन्हा तोंड उघडणार नाही मी. आयुष्यभर पियादिना भाजीन."

"भाज. पण आज गा."

ती स्टेजवर चढली तशी चौकात कुजबुज सुटली. "अगं, ही तर टपरीवाली."

"ती गोरी कुठाय?"

अकॉर्डियनवाले सेकोंदोकाका पुटपुटले, "तोंडं बघू नको. फळ्या बघ."

रोमान्याच्या त्या मुलखात टाळ्यांना कोण विचारतो? नाचाच्या फळ्यांवर माणसं उतरली, तरच गाणारा पास. पहिलं कडवं संपलं तरी फळ्या रिकाम्या. निवेसचा आवाज मात्र तसूभर हलला नाही.

मग आदेले आणि योलांदा, दोघी म्हाताऱ्या विधवा, एकमेकींच्या कमरेत हात घालून उतरल्या.

"तबकडीतली हीच का गं?"

"कानाला काय विचारतेस, पायाला विचार."

त्यांच्यामागून आदेलेची सून उतरली, खाटीक उतरला, कमिटीही उतरली. पाय ठेवायला जागा उरली नाही.

आठवड्यात फाब्री टपरीवर हजर. दुसरं गाणं हवं होतं.

"गळा आणि चेहरा जोडीनंच मिळेल," निवेस कणीक मळत म्हणाली. "सुटं विकत नाही आम्ही."

फाब्रीनं डोकं खाजवलं. जत्रेची बातमी त्याच्या कानावर आली होती. "चौकात नाचलं तरी कोण?"

"आधी उतरल्या त्या सत्तरीच्या पुढच्या."

"मग पोरं नाचतीलच," फाब्री म्हणाला, आणि फोटोवाला कधी पाठवू ते विचारलं.